यंदा गाणी विकत नकोत

पाडव्याला काहीतरी विकत घ्यायचं ही आपली रीत. जमलं तर सोनं, नाहीतर एखादं भांडं, मिक्सर, मुलांना घड्याळ. आमच्याकडे त्यात गाण्यांची खरेदीही ठरलेली. आधी कॅसेट, पुढे सीडी, मग बटण दाबलं की जुनी गाणी लागणारं ते रेडिओसारखं यंत्र आणि अलीकडे मोबाइलवरच्या ॲपची वर्षाची वर्गणी. यंदाच्या पाडव्याला मात्र मी घरात जाहीर करून टाकलं, की पुढच्या पाडव्यापर्यंत गाणी विकत घेणं बंद. घरात आहेत ती ऐकायची.

लेकीला वाटलं, आईला काटकसरीचं खूळ लागलं. ‘‘महिन्याचे शे-दीडशे रुपये वाचवून असं काय होणार आहे गं?’’ तिचं बरोबरच आहे. पैशाच्या हिशेबानं पाहिलं तर गाणं ऐकणं आजच्याइतकं स्वस्त आमच्या लहानपणी कधीच नव्हतं. पण माझा प्रश्न पैशाचा नव्हता, वेळेचा होता. तो पटवून द्यायला मी सरळ कपाट उघडून मोजायलाच बसले.

कॅसेट १८६. सीडी ९४. सासूबाईंच्या माहेरून आलेल्या एलपी ३१. कॅसेट साठ मिनिटांची धरली, सीडी तासाच्या थोडी वर आणि एलपी दोन्ही बाजू मिळून पाऊण तासाची, तरी बेरीज ३०० तासांच्या पुढे जाते. म्हणजे रोज एक तास ऐकायचं म्हटलं तर दहा महिने पुरेल! यात एमपी-थ्रीच्या सीडी मी धरलेल्याच नाहीत, त्या एकेकीत शंभर-दीडशे गाणी कोंबलेली असतात. पेन ड्राइव्ह वेगळेच. यातलं आपण शेवटचं कधी काय ऐकलं, असं विचारल्यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. वाढदिवसाला, सत्काराला भेट म्हणून आलेल्या चौदा सीडींचं तर वरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं.

मैत्रिणींनो, तुमच्याकडेही असं एखादं कपाट असणार. कपाट नसेल तर मोबाइलमध्ये तरी ‘नंतर ऐकू’ म्हणून ठेवलेली लांबलचक यादी असेलच. माझं म्हणणं एवढंच आहे, की गाणी विकत घेणं आणि गाणी ऐकणं या दोन निराळ्या आवडी आहेत आणि पहिली वाढली की दुसरी आटते. नवीन काही घेतलं, की ते ऐकलंच आहे असं मनाला वाटायला लागतं. ऐकायला जो तास लागतो तो काही दुकानात मिळत नाही, म्हणून आपण तो पुढे ढकलतो आणि त्याच्या बदल्यात आणखी एक सीडी घेऊन येतो.

माझ्या सासूबाई आता ऐंशीच्या घरात आहेत. पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झालं १९५५ च्या रामनवमीला. तेव्हा त्या आठ-नऊ वर्षांच्या. आठवड्याला एक नवं गीत. गदिमांनी लिहायचं, बाबूजींनी म्हणजे सुधीर फडक्यांनी चाल लावायची, की ते रेडिओवर यायचं. अशी ५६ गीतं पुरी व्हायला वर्ष लागलं. आठवडाभर शाळेच्या वाटेवर, विहिरीवर, भांडी घासताना तेच एक गाणं तोंडात, असं सासूबाई सांगतात. आज सत्तर वर्षांनीही त्यांना ती क्रमानं पाठ आहेत. मधलं एखादं कडवं कुणी गाळलं तर त्या लगेच टोकतात. आणि २०१७ साली सारेगामानं ५००० जुनी गाणी भरलेला तो ‘कारवाँ’ काढला, तो आम्ही हौसेनं घेतला. गाणं तीन-चार मिनिटांचं धरलं तरी तेही जवळपास तीनशे तासांचं काम. यंत्र उत्तम आहे, माझी काही तक्रार नाही. पण त्यातली किती गाणी आम्हाला क्रमानं पाठ आहेत?

सासूबाईंचं माहेर मिरजेचं. त्यांच्या वडिलांकडे ७८ च्या वेगाच्या चाळीसेक जुन्या तबकड्या होत्या, त्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या काही. खाँसाहेब तर मिरजेचेच होऊन गेलेले. त्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांचं गाणं मावायचं. मैफलीत तास-तास गायचा तो राग तेवढ्यात बसवायचा! आता हिशेब करा. चाळीस तबकड्या, ऐंशी बाजू, प्रत्येकी तीन मिनिटं. चार तास. त्या माणसाचा संग्रह तो एवढाच, आणि त्या भागात ‘यांच्याकडे फार गाणी आहेत’ अशी त्यांची ख्याती होती.

याहूनही थोडक्यात भागवल्याचं एक उदाहरण मला फार आवडतं. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं अंतराळात सोडली. कधी कुणाला सापडलीच तर पृथ्वीची ओळख पटावी म्हणून प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी बसवली. साऱ्या जगाच्या संगीतातून निवडून निवडून २७ तुकडे, सगळे मिळून दीड तासाचे. त्यात आपल्या देशातलं एकच गाणं आहे, केसरबाई केरकरांची भैरवी, साडेतीन मिनिटांची. गोव्यातल्या केरी गावची ही बाई, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात गेली. साऱ्या पृथ्वीचं गाणं दीड तासात बसवता येतं, तर आमच्या चार माणसांच्या घराला तीनशे तास कमी का पडावेत?

असो. आता खरी अडचण सांगते. आपल्या घरांतून बायकांच्या कानावर गाणं पुष्कळ पडतं, पण बायका गाणं ऐकत नाहीत. म्हणजे त्यांना ऐकू दिलं जात नाही, असंही नाही. पण त्या पोळ्या लाटताना ऐकतात, इस्त्री करताना ऐकतात, भाजी निवडताना ऐकतात. कुकरची शिट्टी झाली की अंतरा गेला. घरातले पुरुष मात्र रविवारी सकाळी आरामखुर्चीत डोळे मिटून बसतात आणि बरोबर समेला मान हलवतात, कारण त्या वेळी चहा कुणीतरी दुसरं करत असतं. (आमचे हे वाचणार आहेत, पण त्यांना ठाऊक आहे.) म्हणून मी नियमाला एक पोटनियम जोडला. दुपारी चार ते पाच गाणं, आणि हातात काहीही काम घ्यायचं नाही.

या पोटनियमाला सगळ्यात जास्त विरोध झाला तो सासूबाईंचा. पहिल्या दिवशी त्या शेंगा फोडायला घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी वाती. ‘‘अगं, नुसतं कसं बसायचं?’’ तीस वर्षं शाळेत शिकवलेली, स्वतःच्या पगारावर घर उभं केलेली बाई, पण रिकाम्या हातानं बसायचं म्हणजे चोरी केल्यासारखं वाटतं त्यांना. आठवडाभरानं वाती सुटल्या. आता चारला पाच मिनिटं कमी असली की त्याच हाक मारतात.

मला या वर्षाची घाई आहे तीही त्यांच्यामुळेच. दोन वर्षांपासून त्यांना कमी ऐकू येतं. वय झालं की आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज निसटतात. स, श, फ अशी अक्षरं हरवतात, शब्द पुसट होतात. कानाचं यंत्र घेतलं आहे, पण ती यंत्रं मुख्यतः बोलणं ऐकू यावं म्हणून बसवलेली असतात, गाण्यात ती कधी कधी चिरकतात. माझ्या एक लक्षात आलं. ॲपवरचं नवं गाणं लावलं तर त्या दोन मिनिटांत कंटाळतात, ‘काय म्हणतोय कळत नाही’ म्हणून उठून जातात. तेच माणिक वर्मांची कॅसेट लावली तर शेवटपर्यंत बसतात. ओळखीच्या गाण्यातला निसटलेला शब्द त्या मनानं भरून काढतात, नव्या गाण्यात तो कुठून आणणार? म्हणजे त्यांच्यापुरतं आता जे काही संगीत उरलं आहे, ते या कपाटात आहे. आणि तेही किती वर्षं ऐकू येईल, सांगता येत नाही. नवीन आणून त्यात भर घालायला मला सवडच नाही.

तेच ते ऐकून कंटाळा येत नाही का, असं बऱ्याच जणींनी विचारलं. मी ज्या वस्तीत बचत गटाचं काम करते, तिथे दर बुधवारी हिशेब झाला की बायका भजनाला बसतात. त्यांच्याकडे एकच वही आहे, कव्हर गेलेली, कडेला तेलाचे डाग पडलेली. तीस-पस्तीस अभंग असतील. मी बारा वर्षं तेच ऐकते आहे. पण ज्या बाईचा मुलगा त्या आठवड्यात नोकरीला लागला, ती तोच अभंग वेगळा म्हणते आणि जिच्या घरात दुखणं आहे तिचा सूर वेगळा लागतो. ‘यात नवीन काय आणलं’ असं तिथे कुणी विचारत नाही. वारकऱ्यांचा हरिपाठ तर रोज तोच असतो.

आणि न ऐकता ठेवलेली गाणी टिकतात, हाही एक भ्रमच. कॅसेट वर्षानुवर्षं तशीच पडून राहिली की पावसाळ्यात फितीवर पांढरी बुरशी धरते. आतला छोटा फेल्टचा तुकडा गळून पडतो आणि आवाज दबका होतो. घरी भरलेल्या सीडी तर विकतच्या सीडींहून लवकर खराब होतात. अधूनमधून लावून, पुढे-मागे फिरवून ठेवणं हे कॅसेटच्या प्रकृतीलाही बरं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या सांगलीत शिरलं तेव्हा आमचा गट गावभागात घरं साफ करायला जात होता. लोकांनी आधी काय बाहेर काढलं, तर देव, कागदपत्रं आणि भांडी. एका अंगणात मात्र बाजेवर ओळीनं कॅसेट वाळत घातल्या होत्या, शंभर तरी असतील. चिखलानं फिती खोक्यांना चिकटलेल्या. घरातली बाई ओल्या फडक्यानं एकेक पुसत होती. माझ्याच वयाची. वाजणार नाहीत हे तिलाही दिसत होतं, मलाही. मी शेजारी बसून पुसू लागले तर ती म्हणाली, ‘‘सासऱ्यांच्या आहेत. आम्ही ऐकायच्या राहूनच गेल्या.’’ मी काही बोलले नाही. आमच्याकडे पाणी आलं नव्हतं, एवढाच तिच्यात आणि माझ्यात फरक.

आता मुख्य आक्षेप. सगळ्यांनीच विकत घेणं थांबवलं तर गाणाऱ्यांनी काय खायचं? आक्षेप रास्त आहे, आणि दुकानांचे हाल आपण पाहिलेच आहेत. मुंबईतलं काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊससुद्धा २०१६ मध्ये बंद झालं. पण ॲपवर एकदा गाणं वाजलं की गायिकेच्या पदरात जे पडतं ते रुपयात नाही, पैशातच मोजायचं. माझी वर्गणी तिच्यापर्यंत पोचते, असं मला तरी वाटत नाही. म्हणून आमच्या नियमात प्रत्यक्ष ऐकायला बंदी नाही. वर्षाची वर्गणी मी पाकिटात घालून ठेवली आहे, ती गावातल्या बैठकांच्या तिकिटांसाठी. नव्यानं गाणारी एखादी मुलगी समोर बसून गाते तेव्हा त्या पैशाचं काय झालं ते डोळ्यांना दिसतं. मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी खाँसाहेबांच्या स्मरणार्थ जो संगीत महोत्सव होतो, त्यालाही यंदा सासूबाईंना घेऊन जायचं ठरलं आहे. शिवाय रेडिओ आहेच. शेजारच्या वहिनींच्या कॅसेट आणून ऐकायला आणि आपल्या त्यांना द्यायलाही मुभा आहे. त्यांच्याकडे नाट्यगीतं भरपूर, आमच्याकडे भावगीतं.

दुरुस्तीचा खर्च मात्र होतो, हे कबूल. जुन्या टेपचा रबरी पट्टा सैल पडून गाणं रडकं वाजत होतं. बाजारातल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकनं तो बदलून दिला आणि हेड स्पिरिटच्या बोळ्यानं कसं पुसायचं तेही लेकीला शिकवलं. आता ते काम तिचं. मधे एक कॅसेट टेपनं खाल्ली, तर तिनं पेन्सिल घालून अशी सफाईनं गुंडाळली की मीच बघत राहिले. कॅसेट कुठल्या कुठल्या झाल्या याची वहीही तीच ठेवते. आतापर्यंत ४१ झाल्या आहेत. त्यातल्या सहा कुणालाच आवडल्या नाहीत, त्या वृद्धाश्रमात विचारून बघणार आहे.

एलपींचा प्रश्न अजून अडकलेला आहे. रेकॉर्ड प्लेअर चालतो, पण त्याची सुई झिजली आहे, आणि झिजलेल्या सुईनं वाजवलं तर तबकडी खराब होते. नवीन सुई घेणं नियमात बसतं का, यावर आठवडाभर वाद चालू आहे. यांचं म्हणणं, नियम म्हणजे नियम. सासूबाईंचं म्हणणं, सुई म्हणजे काही गाणं नव्हे. त्यांनी मिरजेच्या भाच्याला फोन करून चौकशी करायला सांगितलंय, आणि पैसे त्यांच्या पेन्शनमधून जाणार आहेत.