नशा चालकाची, उणीव इंजिनाची

ता. ४ जानेवारी १९८७ रोजीं अमेरिकेंतील मेरीलँड संस्थानांत चेस गांवाजवळ जो रेल्वे-अपघात झाला, त्याचा बोध त्या देशानें प्रथम अर्धाच घेतला, असें आम्हांस वाटतें. कॉनरेल कंपनीचीं तीन डिझेल इंजिनें, मागें डबे नसतां, बाल्टिमोरहून निघालीं होतीं. थांबण्याचा सिग्नल ओलांडून तीं बॉस्टनकडे जाणाऱ्या ॲमट्रॅकच्या भरधांव उतारू-गाडीच्या वाटेंत आलीं, आणि १६ माणसें प्राणांस मुकलीं. चालक व त्याचा सोबती या दोघांनींहि गांजा ओढला होता. इशाऱ्याच्या शिटीचा आवाज तर चिकटपट्टी लावून दाबलेला होता!

चालकास कारावास झाला, तो योग्यच. पुढें १९९१ सालीं रेल्वेनोकरांच्या नशेच्या तपासणीचा कायदाहि झाला. परंतु उतारू-गाडीच्या इंजिनावर, सिग्नलकडे दुर्लक्ष होतांच आपोआप ब्रेक लावणारें यंत्र होतें. त्याच रुळांवरून धांवणाऱ्या मालवाहू डिझेल इंजिनांस त्याची सक्ती नव्हती, ही गोष्ट कोणाच्या नशेमुळें घडली? अपघातानंतर ती सक्ती आली खरी, पण त्या एका मार्गापुरती.

सन २००८ मध्यें कॅलिफोर्नियांत चॅट्सवर्थ येथें २५ माणसें मेलीं. तेथील चालक मोबाइलवर संदेश लिहीत होता. गांजाची तपासणी त्यास कशी अडविणार? तेव्हां कोठें स्वयंचलित नियंत्रणाचा देशव्यापी कायदा झाला, व त्याची अंमलबजावणी पुरी होण्यास २०२० साल उजाडावें लागलें.