लावणी बसून ऐका

या आठवड्यात मावळातल्या कुसगावात एका हळदीला लावणी वाजली. नवरदेवाचे मामा बेभान नाचले, पण डीजेच्या दणक्यात शब्द एकही कळेना. माझ्या मते लावणी ही आधी ऐकायची, मग बघायची. बैठकीच्या लावणीत गाणारी बसून एकच ओळ पुन्हा पुन्हा नव्या अदेने खुलवते. यमुनाबाई वाईकरांनी ती गायकी जपली, त्यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली. मागे पडलेली गायकी पुन्हा रुजू शकते. कोरियातलं ‘ट्रॉट’ हे जुनं लोकप्रिय गाणंही म्हाताऱ्यांचं म्हणून मागे पडलेलं. २०१९-२० मध्ये टीव्हीवर त्याच्या गायनस्पर्धा रंगल्या आणि तरुण पोरं ते आवडीने गाऊ लागली. आपल्याकडे लावणीच्या स्पर्धा बहुतेक नाचाच्याच. मावळातल्या जत्रा कमिट्यांनो, यंदा एक रात्र डीजे बंद ठेवा आणि तबला-पेटीवर लावणी गाणाऱ्या बाईंना मानाने बोलवा.