गावाच्या नावाचा शेवट

कुंभकोणमहून तंजावरकडे रेल्वेनं निघालं की स्टेशनांच्या पाट्या वाचत जावं. दारासुरम, स्वामीमलै, सुंदरपेरुमाळकोविल, पापनाशम, अय्यमपेट्टै, पशुपतीकोविल. तमीळ येत नसलं तरी थोड्याच वेळात ध्यानात येतं की बऱ्याच नावांचे शेवट फिरून फिरून तेच आहेत. कोविल म्हणजे देऊळ. मलै म्हणजे डोंगर. पेट्टै ही तर आपली पेठच. तुरै म्हणजे नदीचा घाट. पापनाशमला लागूनच तिरुप्पालैतुरै आहे आणि तिथल्या देवळाच्या आवारात नायकांच्या काळातलं विटांचं प्रचंड धान्यकोठार उभं आहे. मंगलम हा शेवट बहुधा ब्राह्मणांना दान दिलेल्या गावाचा. एवढं कळलं तरी कावेरीच्या खोऱ्यात माणसं नदीवर कुठे उतरत, बाजार कुठे भरे, राजानं जमीन कुणाला दिली, याचा अंदाज नुसत्या नावांवरून बांधता येतो.

पापनाशम मात्र यातल्या कुठल्याच कुळातलं नाही. ही जागा कशी आहे ते हे नाव सांगत नाही, ती काय करते ते सांगतं. रामानं राक्षसवधाच्या पापातून सुटण्यासाठी इथे 108 शिवलिंगं स्थापली अशी श्रद्धा आहे आणि तितकी लिंगं असलेलं देऊळ गावात आहे. असंच दुसरं पापनाशम तिरुनेलवेलीकडे, ताम्रपर्णीच्या काठी.

नावांच्या शेवटांतून इतिहास कळतो, हे इंग्लंडच्या नकाशावरही दिसतं. मँचेस्टरमधलं 'चेस्टर', लँकेस्टर आणि डाँकेस्टरमधलं 'केस्टर' रोमन छावणीच्या लॅटिन नावावरून आलं. डर्बी, व्हिटबी, ग्रिम्सबी यांतलं 'बी' डॅनिश लोकांचं, अर्थ गाव किंवा वस्ती. नवव्या शतकात डेन आले, जमिनी कसू लागले आणि त्यांचा शब्द गावांना कायमचा चिकटला. शेवट सारखा दिसला म्हणून अर्थ सारखाच, असं मात्र धरून चालू नये. आपल्या लातूरचं जुनं नाव लट्टलूर, त्यातलं 'ऊर' दक्षिणेकडच्या 'ऊर'सारखं आहे. पण मराठी मुलखातली इतर कितीतरी 'ऊर' मुळात 'पूर' असलेली, झिजून तशी झालेली आहेत.

मग मराठ्यांनी कावेरीकाठी कोणता शेवट ठेवला? व्यंकोजीराजांनी 1675च्या सुमारास तंजावर घेतलं आणि 1855पर्यंत तिथे भोसल्यांची गादी होती. इतक्या काळात एखादी वाडी, एखादं खेड, एखादं बुद्रुक रुजायला हरकत नव्हती. तसं ठळकपणे काही दिसत नाही. दिसतात ती राजघराण्यातली नावं, आणि तीही तिथल्याच शेवटाला जोडलेली. तंजावरच्या शहाजीराजांनी 1693 मध्ये विद्वानांना तिरुविसनल्लूर दान दिलं, ते शहाजीराजपुरम झालं. नीडामंगलमला प्रतापसिंहांच्या यमुनाबाईंवरून यमुनांबाळपुरम म्हटलं गेलं. ओरत्तनाडूत सरफोजींनी छत्र, म्हणजे धर्मशाळा, बांधलं आणि तिथे मुक्तांबाळपुरम हे नाव आलं.

आज तिथल्या माणसाला पत्ता विचारा. तो तिरुविसनल्लूर, नीडामंगलम, ओरत्तनाडू असंच सांगेल. दानपत्रातली नावं अभ्यासकांना ठाऊक, जुनी नावं लोकांच्या तोंडी. मला याचं कारण सरळ दिसतं. डेन नांगर धरणारे होते. तंजावरला गेलेले मराठे मुख्यतः दरबारी, शिपाई, कारकून, कीर्तनकार, पंडित. शेतात राबणारा माणूस तमीळच राहिला, आणि गावाला हाक तोच मारतो.

आपण तिथली नावं आपल्या वळणावर आणली ती बोलण्यात. तंजावूरमधलं 'ऊर' मराठी तोंडात 'वर' झालं आणि गाव तंजावर झालं.

माणसांच्या नावांत तर अदलाबदल याहून खोल गेली. महाराष्ट्रात गाव आडनाव होऊन नावाच्या शेवटी बसतं आणि त्याला 'कर' लागतो. तमीळ देशी गाव नावाच्या आधी येतं. पोलगममध्ये 1890 साली जन्मलेले रामय्या पुढे संगीतकार म्हणून पापनाशम शिवन झाले. आपल्याकडे ते पापनाशमकर झाले असते. तंजावरच्या मराठी घराण्यांनी ही तिथलीच रीत उचलली. कुंभकोणमला 1828 मध्ये जन्मलेले, त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव घ्या. त्यांच्या नावातला 'टी.' म्हणजे तंजावर. गाव एका आद्याक्षरात पुढे गेलं आणि शेवटी उरला 'राव'. 'कर' टिकला तो मोरगावकर बावांसारख्या, एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातून तिकडे आलेल्या कीर्तनकारांच्या नावात.

सरस्वती महाल ग्रंथालयात आणि तंजावरच्या तमीळ विद्यापीठात भोसल्यांच्या दप्तरातले मोडी कागद आहेत. मराठी कारकुनांनी ही तमीळ गावं कशी ऐकली आणि कशी लिहिली, ते त्या कागदांवरून कळेल. महाराष्ट्रातल्या एखाद्या विद्यापीठानं तिथल्या अभ्यासकांना सोबत घेऊन त्यांतली ग्रामनामं नकाशासह छापावीत, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मोडी सराईतपणे वाचणारी माणसं आहेत तोवर हे काम व्हायला हवं.