ओढ्यातली पिसं आणि आपलं शहाणपण

चिकनची दुकानं आता गावोगाव झाली. पण सोललेल्या कोंबडीची पिसं जातात कुठे, हे कधी पाहिलंय? अंधार पडला की गोण्या भरून ओढ्यात, नाहीतर रस्त्याच्या कडेला. कुत्री गोण्या फाडतात आणि पिसं पार पोल्ट्रीच्या शेडपर्यंत पोहोचतात. २००६ साली नवापुरात बर्ड फ्लूने काय केलं, हे कोंबडीवाल्यांना वेगळं सांगायला नको.

दोन किलोच्या कोंबडीमागे शंभर-दीडशे ग्रॅम पिसं निघतात. कोरडं पीस म्हणजे जवळजवळ ८५ ते ९० टक्के प्रथिन. ते केराटिन, आपल्या केसा-नखांतलंच. त्याची वीण इतकी घट्ट की कच्चं पीस जनावराला पचत नाही आणि मातीतही लवकर कुजत नाही. घरच्या कुकरपेक्षा जास्त दाबाच्या वाफेत अर्धा-पाऊण तास शिजवलं, की ती वीण सुटते, रोगजंतूही मरतात. वाळवून दळलं की पिसांची भुकटी तयार. लायसिन, मेथिओनिन त्यात कमी, म्हणून सोयापेंडीची जागा ती पुरती घेत नाही. पण खाद्यात थोडी मिसळता येते. नत्र भरपूर असल्याने खत म्हणूनही चालते.

मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत प्रा. अनिरुद्ध पंडित आणि सहकाऱ्यांनी पिसं, केस, लोकर यांपासून खत व पशुखाद्य करण्याचं तंत्र विकसित केलं. २०२१ मध्ये केंद्राच्या विज्ञान खात्याने त्याची माहिती दिली. म्हणजे विद्या आपल्या राज्यातच आहे.

अडतंय ते गोळा करण्यात. पीस हलकं, ओलं आणि लगेच नासणारं. एकट्या दुकानदाराला ते परवडणार नाही. त्याला नुसता दंड केला, तर गोणी पुढच्या ओढ्यात जाईल, एवढंच. तालुक्यातल्या दुकानांची पिसं रोजच्या रोज एका गाडीने उचलली, तरच कारखान्याला माल पुरेल. ग्रामपंचायतींनी आणि नगरपालिकांनी पिसं वेगळी देण्याची अट घालावी, गाडीही द्यावी. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने कांद्या-उसावर या खताच्या चाचण्या घेऊन शिफारस करावी.

ज्या जिल्ह्याने प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा केला, मळी आणि बगॅसचेही पैसे केले, त्याला पिसं जड का व्हावीत? पुढच्या ग्रामसभेत हा प्रश्न तुम्हीच विचारा.