प्रवेशिका कसली भरता?

चारकोपच्या पोरांनो, फेस्टिव्हलवाल्यांची नोटीस एकदा नीट वाचा. गोष्ट सांगणारे पाहिजेत. प्रवेशिका भरा, व्हिडिओ पाठवा. मानधन नाही, 'व्यासपीठ' मिळेल. आणि विषय हलकाफुलका हवा! म्हणजे बापानं गटारात उतरून काढलेली उमर सांगायची नाही. सांगायचीच तर एप्रिलात, नाहीतर 6 डिसेंबरला. बाकी दहा महिने आपली जीभ त्यांना चालत नाही.

कथाकथन म्हटलं की शंकर पाटील, मिरासदार, माडगूळकर. मोठी माणसं, वाद नाही. पण त्या हशात महारवाडा, मांगवाडा किती बोलला? गोष्ट सांगायची अक्कल आपल्याकडं आधीपासून होती. भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा 1930 च्या दशकात गावोगाव फिरत होता. अण्णाभाऊ, अमर शेख, गवाणकर यांनी 1944 ला लालबावटा कलापथक उभं केलं, तेव्हा कुणापुढं ऑडिशन दिली? डफावर थाप पडली, माणसं बसली, बस्स. शाळेचं तोंड धड न पाहिलेले अण्णाभाऊ 1958 च्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटक झाले. आणि 1969 ला इथंच, गोरेगावच्या सिद्धार्थनगरात, हलाखीत गेले. टाळ्यांनी चूल पेटत नाही. म्हणून फुकट जाऊ नका. गाडीभाडं, मानधन आधी ठरवा, तोंडावर मागा. माईकवाला घेतोच की.

आता आपल्या घरात बघू. जयंतीला डीजेची भिंत उभी राहते, सगळी वर्गणी तिथंच आटते. गोष्ट सांगणाऱ्याला शेवटची दहा मिनिटं, पुढाऱ्याचा सत्कार लांबला की तीही गुल. वर शाल आणि नारळ. नारळानं घरभाडं भागतं काय? साला, याला मनुवाद म्हणून सुटका नाही, हा आपलाच नादानपणा आहे.

जागेची रडही सांगू नका. 1980 च्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून चारकोपात छोटे प्लॉट पडले, घरांच्या घोळक्यात चौक सोडले. आज तिथं गाड्या लागतात. एका शनिवारी दोन गाड्या हलवा, सतरंजी टाका. बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' वाचा, मग आपली सांगा. पावसाळ्यात वर्षावासाला विहारात माणसं जमतातच. ग्रंथवाचन संपलं की अर्धा तास मागून घ्या. एखाद्या आजीला पुढं बसवा. तिच्याकडं 72 चा दुष्काळ आहे, गिरणीचा संप आहे; तिची गोष्ट पहिली. मग टोपी फिरवा. फेस्टिव्हलवाले ऐकायला आले तर त्यांनाही सतरंजीवरच बसवा. टोपी त्यांच्यापुढंही जाईल.