घाण कुणाची, गाळणी कुणाची?

मोरवा हे खाडीकाठचे भातखाचरांचे आणि मिठागरांचे गाव. त्याच्या डोळ्यांदेखत मीरा-भाईंदर शहर फुगले. त्या शहराचा कचरा शेजारच्या उत्तनच्या डोंगरावर साचतो, वारंवार पेटतो आणि त्याचे झिरपणारे पाणी उतारावरच्या शेतकऱ्याला भोगावे लागते.

अशा नासलेल्या जमिनीसाठी हल्ली एक सोपी मात्रा सांगितली जाते : अळंबी लावा, माती शुद्ध होईल आणि बचतगटांना रोजगारही मिळेल.

यात विज्ञान मुळीच नाही असे नव्हे. धिंगरी अळंबीची बुरशी ज्या विकरांनी लाकूड कुजवते, त्यांच्याच बळावर ती डिझेलमधील काही विषारी संयुगेही फोडते. परंतु शिसे, कॅडमियम, क्रोमियम ही मूलद्रव्ये आहेत. ती फुटत नाहीत. बुरशी ती शोषते आणि अळंबीत साठवते. भाईंदरच्या स्टीलभांड्यांच्या धंद्यात पत्रा आम्लात धुताना क्रोमियम व निकेल सांडपाण्यात उतरतात. त्यांवर बुरशी हा उतारा नव्हे. माती धुणारी अळंबी ताटात येता कामा नये. मग बचतगटाने विकायचे काय?

श्रमिकाच्या जिवाचा हिशेब तर कोणीच मांडत नाही. पेंढा निर्जंतुक करण्यासाठी तो फॉर्मेलिन व कार्बेन्डाझिमच्या द्रावणात भिजवण्याची रीत आपल्याकडे रूढ आहे. फॉर्मेलिनमधील फॉर्माल्डिहाइड माणसाला कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली दिला. बंद खोलीत धिंगरीचे बीजाणू सतत छातीत जाऊन फुप्फुसाचा दाह जडतो. वैद्यकशास्त्रात या व्याधीला ‘अळंबी कामगाराचे फुप्फुस’ असे नावच पडले आहे.

राजस्थानातील बिछडी गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निक्षून सांगितले की, शुद्धीकरणाचा खर्च प्रदूषकानेच सोसावा. पंधरा वर्षांनंतर, २०११ सालीही ती रक्कम थकलेलीच होती! कारखानदाराकडून वसुली होत नाही म्हणून स्त्रियांच्या फुप्फुसांतून ती करायची, हाच या ‘स्वस्त’ उपायाचा अर्थ आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी बुरशीला नव्हे, या हिशेबाला विरोध करावा. आधी मातीची तपासणी होऊन निष्कर्ष गावच्या चावडीवर लागावेत. शुद्धीकरणाची अळंबी विक्रीला बंद असावी आणि ती धोकादायक कचरा म्हणून उचलली जावी. खाण्याच्या अळंबीसाठी स्वच्छ पेंढा, फॉर्मेलिनऐवजी वाफ, हवेशीर खोली आणि मुखपट्टी हा कामगाराचा हक्क मानावा. आणि शुद्धीकरणाचे बिल घाण करणाऱ्याच्या दारी जावे. बुरशी विष फोडील. पण विषावर चालणारा नफा तिला फोडता येत नाही. ते काम संघटित माणसांचे आहे.