स्वस्त गिटारची लाज कशाला?

स्वस्त गिटारवर शिकणारी मुलं कान बिघडवून घेतात, अशा आशयाचं पत्र मागील अंकात वाचलं. ते मुळीच पटलं नाही. आमच्या चाकुरात एखादं पोरगं हौसेनं गिटार घेतं, ती बहुधा जुनी नाहीतर कामचलाऊच असते. असं काही वाचून ते चारचौघांत वाजवायला लाजेल, याचं मला फार वाईट वाटतं.

वाद्याला हिणवणं नवं नाही. १९४० साली रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली, ती थेट १९७१ मध्ये शिथिल झाली. त्याच पेटीवर आपल्या मराठवाड्यातल्या, जालन्याच्या अप्पा जळगावकरांनी पं. भीमसेन जोशींसारख्यांना साथ केली, देशभर मान मिळवला. आणि मानाचं वाद्यही साध्याच वस्तूतून घडतं: ज्या मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा भोपळा पंढरपूरकडच्या शेतातच पिकतो.

स्वस्त गिटारचा मोठा दोष बहुधा एकच असतो: तारा दांडीपासून फार उंच. दाबताना बोटं सोलून निघतात, सूरही चढतो. तारा सैल करून घोडीवरची पांढरी पट्टी काढावी, सपाट फळीवर पॉलिश पेपर ठेवून तिची खालची कड जराजरा घासावी, बसवून पाहावी. वरून नव्या तारा चढवाव्यात. वाद्य पुष्कळ सुधारतं.

लातूर-नांदेडच्या संगीतशिक्षकांना कळकळीची विनंती, पोराची गिटार हातात घेऊन आधी एवढं करून द्या. किमतीचं नंतर बोला.

– एक वाचक, चाकूर (जि. लातूर)